परक्या खांद्यातलं दुखणं

दंडावर पट्टी

आपल्या बायकोचं दुखणं एका परक्या पुरुषाच्या खांद्यात राहायला गेलंय, ही गोष्ट भरतेश मगदूमला सुरुवातीला गमतीची वाटली.

गंमत वाटत होती तोवर तो ती दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगलीत त्याचं बॅटरीवरच्या सायकलींचं दुकान होतं. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला सुकुमार चौगुले रोज चहाला यायचा आणि टायरच्या ढिगावर बसून सगळं पुन्हा पुन्हा ऐकायचा. पद्मजावहिनींच्या दंडावर एक पट्टी, आणि महाराष्ट्रात कुठंतरी दुसऱ्या एका माणसाच्या दंडावर दुसरी. हिचा खांदा दुखला की त्याचाही दुखणार, तसाच, तितकाच. महिनाभर. मग त्यानं न्यायाधिकरणापुढं येऊन शपथेवर सांगायचं की होय, या बाईला दुखतं, आणि असं असं दुखतं.

"म्हणजे वहिनी हिकडं हात वर करणार आणि तिकडं त्यो गडी आई गं म्हणणार?"

"तसंच की."

"आणि मधल्यामधी तू काय करणार?"

भरतेश हसला. सुकुमारही हसला. चहाचे कप घेऊन सुकुमार निघून गेला तेव्हा भरतेश एका सायकलचं चाक फिरवून बघत होता, आणि चाक थांबलं तरी तो बघतच राहिला.

गळ्यातून बाही

झालं होतं ते असं.

पद्मजा महापालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. कृष्णेचा पूर आता जवळजवळ दरवर्षीचाच झाला होता आणि पूर ओसरला की पूरताप यायचा. त्याच्यावर लस निघाली होती आणि लस चांगली होती. तिच्यामुळं गल्लीगल्लीतली तापाची अंथरुणं गेली होती. मोहीम तलावावरच लागली. पद्मजा नुकतीच पाण्यातून बाहेर आलेली, अंगात पोहण्याचा लांब बाह्यांचा घट्ट अंगरखा, तोही ओला. डाव्या हाताला एक पोरगी धरलेली, सुईला भिऊन रडणारी. ओली बाही वर सरकेना. तेव्हा पद्मजानं गळा ताणून तो उजव्या खांद्यावरून खाली ओढला, जेवढा येईल तेवढा, आणि म्हणाली, द्या इथंच. ती बसलेली, नर्स उभी, मागं रांग. सुई जायला हवी होती त्याच्यापेक्षा वर गेली.

दंडाच्या वरच्या अंगाला एक जाड स्नायू असतो. लस त्याच्यात द्यायची. त्याच्याही वर, हाडाच्या टोकाखाली, एक चपटी पातळ पिशवी असते. सांधा फिरताना काही घासू नये म्हणून ती आतून कायम ओली असते. लस स्नायूत पडली तर शरीर तिची ओळख करून घेतं, लढायला शिकतं आणि विषय संपतो. पिशवीत पडली तर ती तिथंच साचते, आणि जी लढाई रक्तात व्हायची ती सांध्यात सुरू होते. शत्रू तिथं नसतोच, त्यामुळं लढाई थांबत नाही. आतलं अस्तर सुजतं, मग जाड होतं, मग चिकटतं.

त्याच संध्याकाळी पद्मजाला ताट मांडणीवर ठेवता येईना.

पूर उलटून उन्हाळा तोंडावर आला तरी तिचा हात खांद्याच्या रेषेवर जात नव्हता. कुणी लसीला नावं ठेवली की ती चिडायची. पुढच्या वर्षीही घेणार, म्हणायची, फक्त बाही वर करून घेणार. इलाज एकच होता. जाड झालेलं अस्तर काढायचं आणि तिच्याच पेशींपासून वाढवलेलं नवं बसवायचं. ही शस्त्रक्रिया मगदुमांच्या आवाक्यातली नव्हती. लसीच्या त्रासाची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणात तिनं दावा लावला होता; तो मान्य झाला तर ती सरकारी भरपाई निधीतून व्हायची, नाहीतर व्हायची नाही. आणि उन्हाळी वर्ग सुरू होईपर्यंत हात बरा व्हायच्या मार्गाला लागला नाही तर तलावावर दुसरी बाई येणार, हे तिला तोंडी सांगून झालं होतं.

म्हणजे निकाल लागला तर हात, आणि हात असला तर पाणी. एवढंच होतं ते.

एक ते दहा

लसीनंतर दोन दिवसांच्या आत दुखणं सुरू झालं आणि त्याला दुसरं काही कारण नसलं, तर ते लसीमुळंच असं धरायचं, इथवर कायदा सोपा होता. अडायचं पुढं. किती दुखतं?

पूर्वी विचारायचे, एक ते दहातला आकडा सांगा. वकिलानं शिकवलेले दहा म्हणायचे, सोसायची सवय असलेल्या बायका चार म्हणायच्या, आणि भरपाई दहावाल्यांना जायची. मग आलेख आले. नसांमधून दुखण्याचा संदेश किती जोरात जातो ते यंत्र मोजायला लागलं. त्यावर वकील म्हणाले, एकाचा डोंगर तो दुसऱ्याचा उंचवटा, आलेखावरून काय कळणार? तेही खरंच होतं.

म्हणून ही जोडपट्टी. एक पट्टी दुखणाऱ्याच्या दंडावर बसते आणि दोन गोष्टी ऐकते: बारीक नसांमधून जाणारं दुखणं, आणि स्नायूंचा ताण. दुसरी पट्टी ते दोन्ही जसंच्या तसं साक्षीदाराच्या खांद्यात उतरवते. साक्षीदाराच्या नसा आधी दुखणाऱ्याच्या नसांशी जुळवून घेतलेल्या असतात, वाद्य जुळवतात तशा. त्याचं नाव सुनावणीपर्यंत गुप्त. आणि नातेवाईक चालत नाही, कारण नातेवाइकाला दुसऱ्याच्या दुखण्यात स्वतःची काळजीही दुखते.

भरतेशनं विचारून पाहिलं होतं. नवरा चालेल का? नाही, म्हणाले. नवरा तर नाहीच नाही.

वरच्या फळीवरचा डबा

पोह्यांचा डबा वरच्या फळीवर असायचा. खांदा दुखायला लागल्यापासून भरतेश तिला शंभरदा म्हणाला होता की मला हाक मार, मी काढून देतो. ती ऐकायची नाही. स्टुलावर चढायची, दात-ओठ खाऊन डबा काढायची आणि वर म्हणायची, काढला की.

पट्टी बसल्याच्या दुसऱ्याच सकाळी तिनं हाक मारली. "अहो, तेवढा डबा काढून द्या की."

भरतेशला बरं वाटलं. त्यानं डबा काढला, झाकण उघडून दिलं, आणि उगाच तिथंच घुटमळला. तेव्हा ती पोहे निवडता निवडता म्हणाली, "उगाच त्या माणसाला कशाला त्रास?"

तिथून ते सुरू झालं.

ती दुपारी केस विंचरायची थांबली. आत्ता ते जेवत असतील, मग विंचरते, म्हणायची. उजव्या कुशीवर वळायची नाही, त्यांची झोप मोडेल. पिशवी डाव्या हातात. बादली नकोच. जे भरतेश इतके दिवस कानीकपाळी ओरडून सांगत होता ते सगळं तिनं एका न पाहिलेल्या माणसासाठी, कुणी न सांगता, आनंदानं सुरू केलं.

"माझं जेवण चाललंय का, हे कधी विचारलंस का गं?" तो एकदा म्हणाला.

"तुम्ही समोरच असता की."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. म्हणूनच ते दिवसभर त्याच्या डोक्यातून जाईना.

मग ती भिंत. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता: भिंतीला बोटं लावायची आणि ती वर चालवत न्यायची, दुखेल तिथं थांबायचं. पद्मजा रोज सकाळी खिडकीशेजारच्या भिंतीवर तो करायची. बोटं चढायची, चढायची, थांबायची. ती डोळे मिटून तिथं जरा वेळ राहायची आणि मग हात उतरवायची. भरतेश दाढी करता करता आरशातून बघायचा. त्याला वाटायला लागलं की ती थांबते ती दुखतंय म्हणून नाही. तिकडं कुणीतरी आपला खांदा धरून उभं आहे, आणि ही इथून त्याला कळवते आहे की उठले बरं का मी.

तसं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हसली असती, आणि त्या हसण्याचं काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

माणूस मात्र तो मनात तयार करत राहिला. आधी म्हातारा केला, धोतरातला. तो टिकला नाही. मग उंच झाला. मग त्याला केस आले.

तेल

एक गोष्ट होती जी त्या माणसाकडं नव्हती.

भरतेश ऐन विशीत तालमीत होता. कुस्ती त्याला बेताचीच आली, पण मालीश अशी आली की वस्ताद आपल्या पायांना दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पद्मजाचा खांदा धरल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यानं तिळाच्या तेलात ओवा घालून ते गरम केलं होतं, आणि तेव्हापासून एक संध्याकाळ चुकवली नव्हती. दुकान बंद करून आला की जिना चढतानाच बाह्या दुमडायचा. ती पाट घेऊन बसलेली असायची. तो मागं बसायचा. आधी तळव्यानं तेल जिरवायचं, मग अंगठा हाडाखालच्या खाचेत रुतवून गोल फिरवायचा, आणि शेवटी मनगट धरून हात असा ओढायचा की सांधा मोकळा झालाच पाहिजे. मोकळा व्हायचा नाही. म्हणून तो दुसऱ्या दिवशी थोडं अधिक ओढायचा.

"बरं वाटतंय?"

"हं."

एवढं 'हं' त्याला पुरायचं. दुखणं असेल त्या माणसाकडं, पण उतारा माझ्या हातात आहे.

पट्टी बसल्यापासून त्यात एक भर पडली. ओढताना त्याच्या मनात यायचं की हेही तिकडं पोचत असणार. हा हात माझा आहे, हे त्याला कळत असणार. मग अंगठा जरा खोल जायचा. घे. हेही घे.

पद्मजा डोळे मिटून बसलेली असायची.

खांदे उडवणे

काय झालं म्हणून विचारलं, तर हल्ली ती नुसता डावा खांदा उडवायची.

पाठ दाखवा

एका दुपारी न्यायाधिकरणाकडून खोत म्हणून एक बाई आल्या. पद्मजाशी एकटीशी बोलायचंय म्हणाल्या. भरतेश बाहेर जिन्यात उभा राहिला. खिडकी उघडी होती. त्याला दिसलं की बाईंनी पद्मजाच्या दोन्ही बाह्या वर करून बघितल्या, मग तिला पाठमोरी केलं, मग तिच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात काही विचारलं. पद्मजानं खिडकीकडं बघितलं. भरतेश दिसला तशी तिनं मान खाली घातली आणि नाही म्हणून हलवली. बाईंनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तशीच हलवली.

बाई जाताना भरतेशकडं बघून गेल्या. ते बघणं त्याला आवडलं नाही.

"काय म्हणत होत्या?"

"नेहमीची चौकशी."

नेहमीची म्हणजे कुठली, याआधी तर कधी आल्या नव्हत्या. त्याच्या डोक्यात एकच आलं: निरोप होता. त्या माणसाचा निरोप होता, आणि तो ऐकून हिनं माझ्याकडं बघून मान खाली घातली.

त्या संध्याकाळी तेल गरम करून आणलं तर ती म्हणाली, आज नको. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो वाटी घेऊन परत फिरला आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज जरा जास्तच करत राहिला. दुसऱ्या दिवशी तीच पाट घेऊन बसली. करा, म्हणाली.

त्यानं केली. जोरात केली.

वकीलबाई

सुनावणीच्या आधी ॲडव्होकेट रेश्मा बागवान यांनी भरतेशला एकट्याला बोलावलं. मिरजेतल्या त्यांच्या ऑफिसात पंखा नव्हता, खिडकी होती, आणि त्यांना आडवळण माहीत नव्हतं.

"मगदूम, तुम्ही बायकोला मारता?"

भरतेश खुर्चीतून अर्धा उठला.

त्या म्हणाल्या, साक्षीदारानं कळवलंय. दिवसभराचं दुखणं एका जातीचं आहे, सुजेचं, ठसठसणारं, सुईनं झालं म्हणावं तसंच. पण रोज संध्याकाळी एक दुसरं दुखणं येतं. कुणीतरी खांद्यात काही खुपसतंय आणि मग हात उपटतंय, असं. इतकं की त्या गृहस्थांनी घाबरून न्यायाधिकरणाला फोन केला, या बाईला घरात कुणी मारतंय म्हणून. खोतबाई त्यासाठीच आल्या होत्या. तुमच्या मिसेस म्हणाल्या कुणी मारत नाही, आणि त्यापुढं काही बोलल्या नाहीत.

"निधीचा वकील हेच धरणार. म्हणणार, हा खांदा नवऱ्यानं मोडला, लसीनं नाही. याला दुसरं कारण म्हणतात. दुसरं कारण निघालं की दावा गेला. तेव्हा काय असतं संध्याकाळी, ते मला सांगा."

भरतेशला ते एका क्षणात कळलं. हाताचे अंगठे त्यानं मुठीत घेतले.

"काही नसतं," तो म्हणाला.

बागवानबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, दुखणं लसीच्याच संध्याकाळी सुरू झालं, हे सांगायला तलावावरची माणसं आहेत. पुढचं जे काही असेल ते सांगितलंत तर मी सांभाळीन. लपवलंत तर मला काहीच करता येणार नाही.

त्या संध्याकाळपासून दुकानात अचानक काम वाढलं. तो उशिरा यायला लागला. पद्मजानं पाट मांडला, आणि मग मांडेनाशी झाली. त्याच्या मनात एकच घोळत होतं. इतके महिने हिचा जीव जात होता, ते मला कळलं नाही. हिनं कळू दिलं नाही. आणि त्या माणसाला न सांगता कळलं.

साक्ष, पहिला मसुदा

मी भरतेश जिनगोंडा मगदूम. मी माझ्या पत्नीला कधीही हात लावलेला नाही. म्हणजे मारण्यासाठी. रोज संध्याकाळी मी तिच्या खांद्याला मालीश करत होतो. मला ती चांगली येते. माझे वस्ताद म्हणायचे की

साक्ष, दुसरा मसुदा

रोज संध्याकाळी मी मालीश करत होतो. तिला त्यानं बरं वाटायचं. तिनं तसं सांगितलं आहे. रोज सांगितलं आहे. तिला बरं वाटत होतं की नाही, हे मला जास्त माहीत की त्या

साक्ष, तिसरा मसुदा

आमच्या घरी संध्याकाळी काहीही होत नाही.

हात वर करून

न्यायाधिकरण फिरतं होतं. सांगलीतल्या एका जुन्या सभागृहात टेबलं लावली होती. मधोमध अध्यक्षबाई, डावीकडं निधीचा वकील, उजवीकडं बागवानबाई. मागच्या बाकावर तलावावरची दोन माणसं साक्ष देऊन बसली होती.

साक्षीदार आत आला. केदार नांदापूरकर, परभणीला कॉलेजात भूगोल शिकवतात. चाळिशीचे. उंच. केस होते. उजवा हात अंगालगत धरून ते सावकाश चालत होते, आणि भरतेशला ती चाल ओळखू आली. पद्मजा गेले आठ महिने तशीच चालत होती.

शपथेसाठी दोघांना उभं केलं. उजवा हात वर करा म्हणायची पद्धत. पद्मजाचा जात नव्हता. नांदापूरकरांना, स्वतःचा ताण तिच्या दुखण्यात मिसळू नये म्हणून, महिनाभर तो वर न्यायची मनाई होती. तेव्हा दोघांनी एकदम डावा हात वर केला. एकानं एकीकडं, दुसरीनं दुसरीकडं, एकाच उंचीवर. लग्नातल्या फोटोतसुद्धा आपण दोघं असे एका रेषेत उभे नव्हतो, असं भरतेशच्या मनात आलं.

नांदापूरकर कमी बोलले. आवाज मऊ होता. सकाळी भिंतीवर हात चढतो तेव्हाचं दुखणं, कूस बदलतानाचं, थंड पाण्यात हात गेल्यावरचं, प्रत्येकाला त्यांच्याकडं वेगळा शब्द होता. ते सांगत होते आणि पद्मजा ऐकताना हळूहळू मान डोलवत होती. कुणीतरी आपलं गाव बघून येऊन त्याचं वर्णन करावं आणि ते बरोबर निघावं, तसं तिचं तोंड झालं होतं. भरतेशला तिकडं बघवेना. बघितल्याशिवाय राहवेना.

मग संध्याकाळचं निघालं. ते सांगताना नांदापूरकर खाली बघत होते. म्हणाले, पहिल्यांदा ते आलं तेव्हा मी वर्गात होतो, खडू हातातून पडला. नंतर मी संध्याकाळचे तास घेणं सोडलं.

भरतेशला पुढं बोलावलं. बागवानबाईंनी नुसतं बघितलं. "आमच्या घरी संध्याकाळी काही होत नाही," तो म्हणाला. आणि मसुद्यात नसलेलं पुढचं वाक्य आपोआप आलं. "हे गृहस्थ मनाचं सांगतायत. परक्याच्या बायकोच्या खांद्यातलं यांना काय कळतंय?"

निधीचा वकील तरुण होता आणि वाईट नव्हता. तो उठून सरळ म्हणाला की आता दोनच गोष्टी राहतात. हे खरं बोलत असतील तर साक्षीदाराच्या नोंदी भरवशाच्या नाहीत आणि दाव्याला आधार उरत नाही. खोटं बोलत असतील तर संध्याकाळी जे होतं ते लपवण्यासारखं आहे, म्हणजे दुसरं कारण आहे. कसंही घेतलं तरी दावा जातो.

अध्यक्षबाई लिहायला लागल्या.

"खोटं बोलतायत ते," पद्मजा म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. तिनं भरतेशकडं बघितलं नाही.

"रोज मालीश करतात. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवसापासून. दुखणं त्याच्या आधीचं, ते ह्या लोकांनी सांगितलंच. तालमीतली मालीश आहे. मारत नाहीत."

अध्यक्षबाईंनी विचारलं, त्यानं दुखतं?

"जीव जातो."

मग हे तुम्ही नवऱ्याला सांगितलं होतं का?

"नाही."

का, असं अध्यक्षबाईंनी विचारलं नसतं तरी चाललं असतं. कायद्याला त्याची गरज नव्हती. पण त्यांनी विचारलं.

पद्मजा म्हणाली, "दिवसभर दुकान. घरी आले की जेवण, मोबाईल, झोप. तेवढाच वेळ माझ्याजवळ बसतात." मग म्हणाली, "बाह्या दुमडून येतात. इतके खूश असतात तेव्हा."

भरतेश अजून पुढंच उभा होता. त्याला बसा म्हणायचं सगळे विसरले होते.

तरुण वकील पुन्हा उठला. अवघडून म्हणाला की मारणाऱ्या नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका आम्ही रोज बघतो. मालीश होती की मार होता, हे ठरवायला यांच्या शब्दापलीकडं काही आहे का?

अध्यक्षबाई नांदापूरकरांकडं वळल्या. तुमच्या खांद्यात आलेल्यावरून काही सांगता येईल?

नांदापूरकरांनी डाव्या हातानं पट्टीवरून बोटं फिरवली. त्या एका उत्तरावर पद्मजाचा हात लटकला होता, आणि ते उत्तर ज्याला भरतेशनं आत्ताच भर सभेत खोटा ठरवला त्या माणसाच्या तोंडात होतं.

"मला एका गोष्टीचा मेळ लागत नव्हता," ते म्हणाले. "मी फोन केला तेव्हाही लागत नव्हता. मार बसणार हे ज्याला माहीत असतं त्याचा खांदा आधीच आवळतो. रोजचाच मार असेल तर जास्तच. यांचा दिवसभर आवळलेला असतो, झोपेतसुद्धा. पण संध्याकाळी, ते दुखणं यायच्या थोडंसं आधी, तो सैल व्हायचा."

"सैल?"

"पूर्ण. सबंध दिवसात तेवढाच. मला वाटतं, जिन्यावर पावलं वाजत असतील किंवा काही. रोज न चुकता. आणि मग ते दुखणं यायचं, आणि ते येत असतानाही तो पुन्हा लगेच आवळत नव्हता." ते पद्मजाकडं बघून थोडं संकोचले. "गेल्या काही दिवसांत ते संध्याकाळचं दुखणं थांबलं. पण त्याबरोबर ते सैल होणंही थांबलं. तेव्हापासून हा खांदा एकदाही सुटलेला नाही."

तरुण वकील खाली बसला.

उजवा हात

निकाल दुपारी वाचला. दुखणं लसीनंतरचं, मालीश त्यानंतरची, मालिशीनं ते वाढलं असलं तरी तिच्यानं ते झालं नाही. दावा मान्य. शस्त्रक्रिया उन्हाळी वर्गांच्या आधी. बागवानबाईंनी पद्मजाला जवळ घेतलं आणि भरतेशकडं बघून, तुमचं नशीब म्हणाल्या, त्यात कौतुक नव्हतं. एका तंत्रज्ञानं दोघांच्या पट्ट्या काढल्या.

पद्मजा कागदांवर सह्या करायला थांबली, डाव्या हातानं, हळूहळू. भरतेश व्हरांड्यात आला.

नांदापूरकर तिथं एकटेच होते. महिनाभरानं ते उजवा हात वर नेत होते, अगदी सावकाश, कान ओलांडून, डोक्याच्याही वर. हात तिथं पोचला तशी त्यांनी सुटकेनं बोटं पसरली. मग भरतेश दिसला आणि त्यांनी तो घाईनं खाली घेतला.

भरतेश त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. माफी मागायची, हे ठरवून आला होता. आभार मानायचे, हेही. समोर उभा राहिल्यावर त्याला त्यांचे केस दिसले, मऊ हात दिसले. या माणसाला जे ठाऊक होतं ते जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. ते खुद्द भरतेशबद्दल होतं, आणि भरतेशकडं ते नव्हतं.

"सैल म्हणजे," तो म्हणाला, "नेमका कसा व्हायचा?"

नांदापूरकरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. शब्द शोधले. सकाळी प्रत्येक दुखण्याला ज्यांच्याकडं शब्द होता त्यांना इथं तो सापडेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले. आठवलं. त्यांचा उजवा खांदा आधी ताठ झाला, कानाकडं चढला, तसाच राहिला, आणि मग कशाची तरी चाहूल लागल्यासारखा सुटला. मान किंचित एका बाजूला कलली. ओठ सैलावले. परक्या पुरुषाच्या अंगावर, भर दुपारी, सरकारी व्हरांड्यात, भरतेश मगदूमला आपलं घरी येणं दिसलं.

"एवढंच," नांदापूरकर डोळे उघडत म्हणाले. "दुसरं काही नाही."

आतून पद्मजाची हाक आली. भरतेश वळला नाही.

"पुन्हा एकदा दाखवता?" तो म्हणाला.